ओल्या कापडावरचा हात

भाच्यानं मोटार थांबवली तेव्हा मला जागा ओळखू आली नाही. जालन्यात आता जुनं ओळखावं असं उरलंय तरी काय! भाचा बियाण्यांचा व्यापार करतो. पोती ठेवायला एक जुनी शेड घेतलीय, ती दाखवायचा त्याला भारी उत्साह. मी म्हटलं, चल बाबा, पाय तरी मोकळे होतील. आत शिरले, औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास नाकात गेला, आणि सवयीनं वर बघितलं. छताच्या लोखंडी कैच्या, त्यांना लटकलेली कोळिष्टकं, पश्चिमेच्या भिंतीतल्या उंच खिडक्या. मी जागीच थांबले. पाय आधी ओळखतात की नाक, कुणास ठाऊक, पण त्या उग्र वासाच्या खाली कुठं तरी सरकीचा जुना तेलकट वास अजून दबा धरून बसला होता.

"अरे, हे तर जिनिंग!" मी म्हणाले.

"व्हय मावशी, लई जुन्या काळात इथं कापसातली सरकी काढायचे म्हणं. तुला कसं ठावं?"

मी त्याला म्हटलं, इथं मी एक खून पाहिलाय. बिचाऱ्याचा चेहरा असा झाला की मला हसू आलं.

माझं माहेर जालन्याचं. निजामाच्या राज्यातला तो काळ, बोलपट अजून आमच्याकडं पोचायचा होता. थंडीत जिनिंगची यंत्रं अशी धडधडायची की आमच्या गल्लीतल्या मडक्यांवरची झाकणं थरथरत. चैत्र लागला की कापूस संपे, यंत्रं गप्प होत. गावाला त्या आवाजाची एवढी सवय झालेली असायची की सुरुवातीचे काही दिवस शांतताच कानाला टोचायची. अशाच एका उन्हाळ्यात एक कंपनी निजामाच्या आगगाडीनं पत्र्याचे डबे घेऊन उतरली आणि मालकाला गाठून त्यांनी ही शेड मागून घेतली. हलती चित्रं दाखवणार होते.

खेळ एकच, आणि तोही दुपारचा. बायकांनी दिवस मावळायच्या आत घरी पोचावं म्हणून. खिडक्यांना डांबर फासलेली गोणपाटं ठोकली होती. बाहेर चैत्राचं ऊन रणरणतंय आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. त्या अंधाराचीच मला पहिली भीती वाटली. रात्रीचा अंधार आपल्या ओळखीचा असतो. हा भरदुपारी येऊन बसलेला अंधार कुणाच्या ओळखीचा नव्हता.

शेडच्या बरोबर मध्यात एक पांढरं कापड आडवं ताणलेलं. त्याच्या एका अंगाला यंत्र, दिवा, पेटीवाला, आणि पुरुषमंडळी. दुसऱ्या अंगाला आम्ही बायका. पडद्यातल्या बायकांना पुरुषांनी बघू नये, आणि खेळही चुकू नये, म्हणून काढलेली ही युक्ती. चित्र कापडातून आरपार आमच्याकडं यावं म्हणून एक भिस्ती पखालीनं कापड भिजवायचा. कापड सुकू लागलं की चित्र फिकं पडे, मग खेळ चालू असतानाच तो पुन्हा येऊन पाणी मारी. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जगातला सगळाच सिनेमा असा दोन्हीकडून बघतात अशीच आमची समजूत होती.

शेजारच्या रजियाबी, बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं, त्यांनीच आमच्या मायला राजी करून मला आणलं होतं. माझं तेव्हा लग्नाचं वय. धावडा गावच्या एका घराशी बोलणं चाललेलं, पण तिकडून होकार येत नव्हता. "पोरगी घरात बसून कुढती, चलू द्या ना माझ्यासंगं," असं रजियाबी म्हणाल्या आणि माय विरघळली.

त्या सिनेमाचं नाव मला आजही ठाऊक नाही. अक्षरं आली खरी, पण आम्हा बायकांत वाचणारं होतं कोण? पलीकडून एक मास्तर खड्या आवाजात ती आधी उर्दूत आणि मग मराठीत वाचून दाखवायचे, तेवढंच आम्हाला कळायचं. गोऱ्यांच्या कुठल्या तरी शहरातली गोष्ट. तिथं एकट्यादुकट्या बाईला कुणीतरी मारतंय आणि सापडत नाहीये. एवढीच. पण ती गोष्ट मला कुठं आठवते? मला आठवतो तो उजेड.

असा उजेड मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या शहरात सतत पाऊस पडत होता आणि फरशीचे रस्ते तेल लावल्यासारखे चमकत होते. एक दिवा, त्याच्याखाली उजेडाचं वाटोळं, आणि वाटोळ्याच्या काठावर नुसते दोन बूट. माणूस काळोखातच. वरून, अगदी आढ्यावरून पाहावं तसा एक जिना दिसायचा, शंखासारखा आत आत वळत गेलेला. त्याच्या तळातून एक सावली निघायची. माणूस यायच्या आधी सावली यायची, भिंतीवरून वर चढायची, वळणावर मोडायची, पुन्हा सरळ व्हायची, आणि चढता चढता एवढी मोठी व्हायची की भिंत संपायची. वर खोलीत एक शिंपीण शिवत बसलेली. जिन्याच्या गजांच्या सावल्या तिच्या तोंडावर पडलेल्या, जणू कुणी तिला आधीच कोंडून ठेवलंय. तिच्या हातून दोऱ्याचं रीळ सुटतं आणि पायरी पायरीनं खाली जातं. पलीकडं पेटीवाला तेव्हा एकच काळी पट्टी दाबून धरायचा. आमच्या बाजूला कुणी श्वास घेत नव्हतं. यंत्राच्या झोतात कापसाचे तंतू तरंगताना कापडाच्या कडेवरून दिसायचे, आणि शिंपिणीच्या गालावरून भिस्त्याच्या पखालीचं खरं पाणी ओघळायचं. ती रडत नव्हती, पण आम्हाला रडताना दिसली.

आणि तो हात. खुनी सबंध दिसायचाच नाही, दिसायचा त्याचा हात. काळोखातून हात यायचा, काडी ओढायचा, त्या काडीच्या उजेडात दाराची मूठ दिसायची. मग काडी विझायची आणि मूठ हळूहळू फिरायची. दर वेळी हेच. काडी ओढणारा हात, सुरी धरणारा हात, एकच. डावा.

"देखो जी, बाएँ हात का है मुआ!" रजियाबी माझं मनगट आवळत पुटपुटल्या. पाठीमागून कुणी म्हणालं, "मंग काय, डाव्या हाताचा असाच असायचा." सगळ्या बायांनी माना हलवल्या. आमच्याकडं डाव्या हातानं देऊ नये, घेऊ नये, देवाच्या दारात तर तो हात पदराखालीच ठेवावा. खुनी डावरा निघाला याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उलट सगळं कसं ठाकठीक जुळलं.

शेवटी त्याचं तोंड दिसलं. अर्धं उजेडात, अर्धं काळोखात. उजेडातलं अर्धं तोंड अगदी साध्या, गरीब माणसाचं होतं. दूध घालायला यावा असा. बाहेर आले तेव्हा उन्हानं डोळे दिपले, पण दात वाजायचे थांबेनात. मायनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

लगोलग धावड्याहून होकार आला. वैशाखात लग्न निघालं, गोरज मुहूर्तावर. नवरदेवाला मी पाहिलं नव्हतं. तेव्हा ती पद्धत नव्हती आणि कुणी विचारलंही नसतं. मला पाटावर उभी केली, समोर अंतरपाट धरला. पांढरं कापड, मध्यात कुंकवाचं स्वस्तिक. सूर्य मावळतीला टेकलेला, बरोबर त्याच्या पाठीमागं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि अंतरपाटावर एक सावली उभी राहिली. मुंडावळ्यांसकट. मी खाली बघायचं सोडून वर बघत राहिले. सावलीनं अक्षता टाकायला हात उचलला. कापडाच्या ज्या अंगाला मी तो हात पाहिला होता, त्याच अंगाला हा हात वर गेला. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात रागावलं, "आरं, उजव्यानं टाक, उजव्यानं!"

अंतरपाट दूर झाला. समोर एक साधं, गरीब तोंड होतं.

धावड्याला आमचं घर धाब्याचं, मागं गोठा, गोठ्याला पळाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड. दुपार कलली की त्या कुडातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत यायचं. माझे मालक गुरांना वैरण टाकून दारात टेकायचे आणि त्यांच्या तोंडावर काळ्या उजळ पट्ट्या पडायच्या. मी चुलीपाशी बसून ते तोंड बघायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. माळवदावर जायचा जिना भिंतीतूनच काढलेला, अरुंद, वळणाचा. ते वर धान्य बघायला गेले की उतरताना आधी सावली यायची. मी हातातलं काम टाकून अंगणात पळायची.

सगळ्यात वाईट तिन्हीसांज. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, त्यांना दिसायचं कमी, म्हणून दिवा लावायचं काम मालकांचं. कोनाड्यापाशी उभे राहून ते काडी ओढायचे. डाव्या हातानं. फस्स करून उजेड व्हायचा, तो हात क्षणभर भिंतीवर दाराएवढा व्हायचा, मग लहान लहान होत त्यांच्या खांद्यात परत जायचा. मी डोळे मिटून घ्यायची. माणूस दिवा लावतोय, घरात उजेड करतोय, आणि त्याची बायको कोपऱ्यात गोठून बसलीय!

खोटं कशाला सांगू, माणूस लोण्यासारखा होता. आवाज कधी चढला नाही. हुरड्याच्या दिवसांत कोवळी कणसं निवडून निवडून माझ्यासाठी पदरात टाकायचा, टाकायचा म्हणजे लांबूनच, कारण जवळ आला की मी आक्रसायची. मला त्याची माया वाटू लागली होती. आणि भीतीही तसूभर कमी होत नव्हती. ही दोन्ही एका घरात कशी नांदतात ते ज्याचं त्यालाच कळतं. ताट मी दुरून सरकवायची, पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवून मागं व्हायची. त्यांनी कधी विचारलं नाही. नुसतं बघायचे आणि मान खाली घालून जेवायचे.

आत्याबाईंनी अंगारे धुपारे केले. जाफराबादेहून कुणी जाणता आणला. शेवटी माघात एक दिवस मला पुढ्यात बसवून म्हणाल्या, "हे बघ पोरी, मी तुला वाईट म्हणत न्हाई. पण माझ्या लेकाची भाकर कमी झाली. शिमग्याला तुझा भाऊ यील, त्याच्यासंगं जा. मन लागलं तर सांगावा धाड. न्हाई लागलं तर तिकडंच राहा, आमी काई म्हणणार न्हाई."

म्हणजे काय ते मला कळलं. सोडून दिलेल्या बायका मी माहेरी पाहिल्या होत्या, भावाच्या चुलीपाशी राख होत गेलेल्या. पण नुसती तीच धास्ती नव्हती. मला जायचं नव्हतं. त्या माणसाला सोडून जायचं नव्हतं, आणि त्याच्या हाताकडं बघवत नव्हतं. शिमगा जवळ येत होता.

ज्वारीची काढणी लागली. सकाळचं कोवळं ऊन, कडब्याचा गोडसर वास, आणि इळ्यांची खसखस. इळा म्हणजे आमच्याकडचा दात्यांचा विळा. मालकांचा इळा वेगळा होता. त्याचे दाते उलट्या अंगाला काढलेले. डाव्या हाताच्या माणसाला तसाच लागतो, भोकरदनच्या लोहाराकडून मुद्दाम घडवून आणलेला. त्या दिवशी मी पाण्याची घागर घेऊन त्यांच्या ओळीपाशी पोचले तर ते बांधावर बसलेले आणि डाव्या हाताला उपरणं दाबून धरलेलं. उपरणं लाल होत चाललं होतं.

मी घागर घेऊन तशीच धावले. पहिल्यांदा, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, तो हात मी माझ्या हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी खोल चीर गेली होती. पाणी ओतलं, पदराचं टोक फाडून घट्ट बांधलं. मग शेजारी पडलेला इळा दिसला. दुसराच होता, त्यांच्या भावाचा.

"उजव्या हातानं कापून राह्यलेत तुम्ही? तुमचा इळा कुठाय?"

"ठिवला आढ्यात खोसून."

"का पण?"

ते बांधाकडं बघत म्हणाले, "तुला डावा हात चालत न्हाई. मला काय कळत न्हाई का? म्हणलं, शिमग्याला अजून येळ हाये, तवर सवय लावून बघावी. काडी बी वढून पाह्यली उजव्यानं, जमती हळूहळू."

मला रडू कोसळलं. रडत रडतच मी सगळं ओकून टाकलं. जिनिंग, अंधार, जिना, ती शिंपीण, काडी ओढणारा हात. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती.

"सावली जिन्यानं वर चढती, त्योच का?"

"तुम्हाला काय ठावं?"

"मी बी गेल्तो. सोयरिकीच्या बोलण्याला आल्तो जालन्याला, मामांनी न्हेलं. पण तू म्हणतीस ते खरं न्हाई. त्यो डावरा नव्हता. उजवा व्हता."

"डावाच होता!"

"अगं, उजवा. बिलकुल उजवा. मी काय हात वळखत न्हाई व्हय? जन्मभर दुसऱ्याचा उजवाच बघत आलोय."

दोघंही हट्टाला पेटलो. मी देवाची शपथ घेतली, त्यांनी काळ्या मातीची घेतली. मग ते एकाएकी माझ्याकडं वळले. "तू कुठं बसल्तीस?"

"कुठं म्हणजे? बायकांच्या अंगाला. कापडाच्या पलीकडं."

ते उठले. ओलं उपरणं त्यांनी बांधावरच्या बाभळीच्या दोन फांद्यांत ताणून अडकवलं. एका कोपऱ्याला रक्ताचा डाग होता. "हिथं उभी राहा. डाग कंच्या हाताला हाये?"

"उजव्या."

"आता मागून ये."

मी बाभळीला वळसा घालून गेले. सकाळचं ऊन ओल्या कापडातून आरपार येत होतं. डाग डाव्या हाताला होता. मी पुन्हा पुढं आले. पुन्हा मागं गेले. डाग जागचा हलला नव्हता, आणि तरी दर फेरीला तो पलीकडं जाऊन बसत होता. मग जालन्यातल्या सगळ्या बाया? रजियाबी? आम्ही सगळ्यांनीच तो सबंध सिनेमा उलटा पाहिला? अक्षरंसुद्धा उलटी होती, आणि आमच्यातल्या एकीलाही ते कळलं नाही.

मी उपरण्याच्या मागंच उभी राहिले. पुढं यायची लाज वाटत होती. पलीकडून त्यांचा आवाज आला. एरवी दोन शब्दांत बोलणं संपवणारा माणूस, पण तोंडासमोर तोंड नव्हतं म्हणून असेल, बोलत राहिला.

"शाळंत मास्तर माझा हात खांबाला बांधून ठिवायचा. पंगतीत बसलो की लोक उठून दुसरीकडं बसायचे. पोरी सांगून यायच्या, मी न्हाईच म्हणायचो. म्हणलं, कशाला कुणाच्या पोरीला पापाचा हात द्यायचा. तुझ्या बाबतीत बी न्हाईच म्हणणार व्हतो. मंग त्यो सिनेमा पाह्यला. एवढा हरामखोर माणूस, आन् समदं उजव्या हातानं करून राह्यला! काडी उजव्यानं, सुरी उजव्यानं. समदे बघून राह्यलेत, पण कुणी म्हणलं का, की उजवा हात पापाचा? कुणीच न्हाई. लई हलकं वाटलं बघ मला. बाहीर आलो, जिनिंगच्या दारातच मामांना म्हणलं, हो म्हणून सांगा त्या पोरीच्या घरी."

ज्या दुपारी मी थरथर कापत घरी गेले, त्याच दुपारी, त्याच चित्रामुळं, कापडाच्या पलीकडून हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून बाहेर पडला होता. माझ्याकडं यायला.

दिवस वर येऊन उपरणं सुकेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग घरी जाऊन आढ्यातला डावा इळा काढला आणि शेतात नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. शिमग्याला भाऊ आला, पुरणपोळ्या हाणल्या, आणि गाडी रिकामीच घेऊन गेला. आत्याबाईंना वाटलं, जाफराबादच्या जाणत्याचा गुण आला. आम्ही त्यांना तसंच वाटू दिलं.

त्यानंतर सुखादुःखाचे किती हंगाम गेले. लेकरांच्या पाटीवर मी अक्षरं शिकले, राज्य पालटलं, पळाट्यांचे कूड जाऊन भिंती आल्या. माझे मालक आता नाहीत. सिनेमे पुढं पुष्कळ पाहिले, बोलके, रंगीत, सुलट. एकातही तसा उजेड नव्हता.

"मावशी, चल की, येळ होऊन राह्यला," भाचा दारातून म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं, "तुझ्या काकांची जागा बघते."

कापड जिथं ताणलं होतं ती ओळ ओलांडून मी पुरुषांच्या अंगाला गेले. ही बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. तिथं पोत्यांच्या थप्प्या होत्या, एकीवर टेकले. कुठं बसले असतील? मागं, भिंतीला धरून, हात मांडीखाली लपवून. तसेच. त्यांची एवढी आठवण आली की मीही माझे हात मांडीखाली घेतले.

समोर, जिथं आम्ही बायका बसलो होतो, तिकडं उजेड पोचत नव्हता. आणि मला स्पष्ट वाटलं की त्या काळोखात कुणीतरी बसलंय. लग्नाच्या वयाची, गुडघे उराशी घेतलेली, दात वाजत असलेली. ती इकडंच बघत होती, पण मला नाही, आमच्या मधल्या कशाला तरी. मला भीती वाटली नाही. मी पुढं वाकले आणि भाच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिला म्हटलं, भिऊ नको गं पोरी, तुझा माणूस इकडं बसलाय.